नीरेचा कालवा आणि संगणकाचा सल्ला



संगणकाकडून काम करवून घ्यावयाचें तर त्यास क्रमवार आज्ञा लिहून द्याव्या लागतात. या आज्ञांच्या समूहास आपण सॉफ्टवेअर म्हणतों. १९६८ च्या ऑक्टोबर महिन्यांत जर्मनींतील गार्मिश या गांवीं या विषयाच्या जाणत्यांची एक परिषद भरली होती. मोठीं कामें वेळेवर पुरीं होत नाहींत, खर्च अंदाजाबाहेर जातो, आणि चूक कोठें दडली आहे हें हातीं लागत नाहीं, अशी त्या काळची तक्रार होती. परिषदेच्या नांवांत ‘अभियांत्रिकी’ हा शब्द मुद्दाम घालण्यांत आला. पूल आणि धरणें बांधणाऱ्यांनीं गणिताची, तपासणीची आणि जबाबदारीची जी शिस्त अंगीं बाणविली, ती या नव्या धंद्यांतही यावी, हा त्यांतील हेतु. बारामती आणि इंदापूर या तालुक्यांना हा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं. तेथें पाण्याची अभियांत्रिकी जवळजवळ १४० वर्षांची आहे. आणि आतां त्याच उसाच्या शेतांत संगणकाची अभियांत्रिकी येऊन पोहोंचली आहे. पहिलीनें जें शिकविलें तें दुसरीनें ऐकून घेतलें आहे काय, हा आजच्या भाषणाचा प्रश्न आहे.

हा मुलूख पर्जन्यछायेचा. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस येथवर येईपर्यंत सरून जातो. १८७६-७७ च्या दुष्काळानें दख्खनची दैना केली, त्या काळांत नीरा डाव्या कालव्याचें काम हातीं घेतलें गेलें व १८८५ सालीं त्यांतून पाणी वाहूं लागलें. सुमारे १०० मैल लांबीचा हा कालवा बारामती ओलांडून इंदापुराकडे जातो. पाण्यामागून ऊस आला, उसामागून गुऱ्हाळें आलीं. पुढें १९२८ सालीं भाटघरचें नवें धरण पुरें झालें, आणि १९३० नंतरच्या दशकांत वालचंद हिराचंद यांनीं इंदापूर तालुक्यांत साखर कारखाना उभारून वालचंदनगर वसविलें. ज्वारी-बाजरीच्या रानांत एवढें परिवर्तन घडविणाऱ्या त्या अभियंत्यांच्या हिशेबांत उतार, वेग, दारें, गळती या गोष्टी चोख होत्या.

परंतु दारांतून सुटलेलें पाणी शेतांत मुरल्यावर काय करतें, याची खतावणी कोणीं ठेविली नव्हती. उसास पाणी भरपूर दिलें गेलें. खोल काळ्या जमिनींत तें जिरेना; भूगर्भांतील पाण्याची पातळी चढूं लागली; वर आलेलें पाणी उन्हानें उडून जाई आणि त्यांतील क्षार मात्र मागें राही. पिढ्यान् पिढ्या पिकणारीं रानें पांढरीं पडलीं. हेरॉल्ड मॅन आणि तम्हाणे या शास्त्रज्ञांनीं नीरा खोऱ्यांतील या क्षारपड जमिनींवर १९१० सालीं स्वतंत्र अहवालच प्रसिद्ध केला. यांत ध्यानीं धरण्याजोगी गोष्ट अशी कीं, दोष कालव्याच्या मुखाशीं दिसला नाहीं आणि पहिल्या वर्षींही दिसला नाहीं. पाणी वरच्यानें पाजलें. जमीन खालच्याची गेली.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या त्या काळीं मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत होते. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर त्यांनीं ‘ब्लॉक’ पद्धति सुचविली व ती नीरा कालव्यावर अमलांत आली. गांवोगांव ठराविक क्षेत्राचे पट्टे आंखावयाचे, त्यांना कांहीं वर्षांपुरती पाण्याची हमी द्यावयाची, आणि पट्ट्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यांतच ऊस ठेवून बाकीच्या जमिनींत आळीपाळीनें इतर पिकें घ्यावयाचीं, असें तिचें स्वरूप होतें. एकेका शेतकऱ्याच्या मागणीऐवजीं साऱ्या क्षेत्राकडे एकत्र पाहावें, पाणी अधिक गांवांपर्यंत पोहोंचावें आणि जमीन बिघडूं नये, अशी तिच्यामागील दृष्टि होती. तिनें सर्व दुखणें बरें केलें असें नव्हे. क्षारपड जमिनींचा प्रश्न या भागांत आजही आहे. पण हिशेब कोणत्या मापानें करावा हें तिनें दाखवून दिलें.

आतां आजच्या काळाकडे येऊं. बारामतीस अप्पासाहेब पवार यांनीं १९७१ सालीं ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट ही संस्था स्थापिली. २०२४ सालीं या संस्थेनें मायक्रोसॉफ्ट कंपनी आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्यानें ऊसशेतींत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग आरंभिला आणि त्यासाठीं सुमारे १,००० शेतकरी निवडले. शेतांत रोविलेले सेन्सर ओलावा मोजतात, उपग्रह पिकाचीं चित्रें घेतो, हवामानाच्या नोंदी येतात. या साऱ्यांचा मेळ घालून संगणक शेतकऱ्याच्या मोबाईलवर पाणी, खत व रोग यांविषयीं सल्ला धाडतो. उत्पन्न वाढतें आणि पाणी वाचतें, असें संस्थेनें सांगितलें आहे. ही गोष्ट अभिमानाचीच आहे. आणि म्हणूनच तिच्या अडचणी मोकळेपणानें पाहिल्या पाहिजेत.

पहिली अडचण मोजमापाची. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहाचें उदाहरण घ्या. त्याच्या चित्रांतील सर्वांत बारीक ठिपका १० मीटर लांब व १० मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ आपला एक गुंठा. साधारण ५ दिवसांनीं तो त्याच रानावर फिरून येतो. पण पावसाळ्यांत ढग आडवे आले कीं त्यास कांहीं दिसत नाहीं. सेन्सर जेथें रोविला तेथलीच ओल सांगतो. आणि आपल्या शेतांत तर वरचा तुकडा मुरमाड व खालचा काळा असतो.

दुसरी अडचण अधिक गहन आहे. पूल कोसळला तर आवाज होतो. सॉफ्टवेअर चुकलें तर पुष्कळदां होत नाहीं. बिघडलेला सेन्सर ‘जमीन कोरडी’ असेंच सांगत राहिला, तर संगणक तितक्याच नीटनेटक्या भाषेंत चुकीचा सल्ला देत राहतो. यावर उपाय आहेत. प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारें ‘गिट’ हें साधन लिनस टॉरवाल्ड्स यांनीं २००५ सालीं निर्माण केलें. चांचण्या आपोआप घेणारीं साधनें आहेत. नवा बदल आधीं थोड्या ठिकाणीं लावून पाहण्याची रीत आहे. पण आतां आज्ञा लिहिण्याचें कामही कृत्रिम बुद्धिमत्ता करूं लागली आहे, आणि लिहिलें जातें त्या मानानें माणसाकडून वाचलें जातें तें कमी होण्याची भीति आहे. न वाचलेली आज्ञा ही न पाहिलेल्या भूजलासारखी होय.

तिसरी अडचण मापाच्या व्याप्तीची; आणि नीरेचा खरा धडा येथेंच आहे. मोबाईलवरचा सल्ला एका शेतापुरता असतो. समजा, तो प्रत्येक शेतास अचूक लागूं पडला आणि प्रत्येकाचें पाणी वाचलें. त्या वांचलेल्या पाण्यावर प्रत्येकानें आणखी ऊस लावला, तर कालव्याच्या शेवटच्या टोकाकडील इंदापूरच्या शेतकऱ्यास काय मिळालें? हजार बरोबर उत्तरांची बेरीज बरोबरच येते असें नाहीं. विश्वेश्वरय्यांनीं म्हणूनच साऱ्या क्षेत्राचा हिशेब मांडला होता.

यासाठीं खर्च फारसा नाहीं, शिस्त हवी. सल्ल्यासोबत त्याचें कारण सोप्या मराठींत यावें. कोणता सल्ला केव्हां दिला, शेतकऱ्यानें तो पाळला कीं नाहीं, पुढें काय झालें, याची नोंद राहावी. विहिरींच्या पाण्याची पातळी आणि जमिनींतील क्षार यांचें मापही त्याच खात्यांत जमा व्हावें. आणि सल्ला चुकला तर कोणाचें दार ठोठवावयाचें हें शेतकऱ्यास ठाऊक असावें. पाळी चुकली तर तो पाटकऱ्यास गांठीत असे. संगणकामागेंही असा एक ओळखीचा माणूस पाहिजे.

या प्रयोगाची परीक्षा उत्तम निचऱ्याच्या, मुखाजवळच्या रानांत करणें सोपें आहे. ती चाऱ्यांच्या शेवटच्या टोकाशीं, खोलगट काळ्या जमिनींत, आणि एकदोन हंगामांवर न थांबतां दहा वर्षांनीं करावी. १८८५ च्या कालव्याचा दोषही तेथेंच आणि तितक्याच सावकाश प्रकट झाला होता.