मास्तरकी फक्त सहा वर्षं, पण नाव कायमचं ‘गुरुजी’ : अमळनेरच्या छात्रालयातले साने गुरुजी

साने गुरुजी म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? ‘श्यामची आई’, डोळ्यांतलं पाणी आणि शाळेतली प्रार्थना. बहुतेकांची यादी इथेच संपते. पण ज्या कामामुळे या माणसाच्या नावामागे ‘गुरुजी’ लागलं, ते काम त्यांनी कुठे केलं, किती वर्षं केलं, असं विचारलं तर भलेभले अडखळतात.

उत्तर आहे जळगाव जिल्ह्यातलं अमळनेर. आणि नोकरी होती जेमतेम सहा वर्षांची.

पांडुरंग सदाशिव साने मूळचे कोकणातले. २४ डिसेंबर १८९९ ला दापोलीजवळच्या पालगडचा जन्म. घरची परिस्थिती बेताची. शिक्षणासाठी दापोली, औंध, पुणे अशी वणवण झाली. पुढे तत्त्वज्ञानाच्या ओढीने ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. गिरणीमालक प्रताप शेठ यांच्या पाठबळावर उभी राहिलेली ही संस्था. गिरणीच्या गावात तत्त्वज्ञानाचं संशोधन चालायचं, हे आजही ऐकायला गंमतशीर वाटतं. पण साने तिथे रमले नाहीत. ग्रंथांपेक्षा त्यांना मुलं जवळची वाटली. १९२४ मध्ये ते गावातल्याच हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. हीच शाळा पुढे प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली गेली.

थोड्याच दिवसांत शाळेच्या छात्रालयाची म्हणजे वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. ते हेडमास्तर नव्हते. पण बाहेरगावाहून शिकायला आलेल्या, घरापासून तुटलेल्या पोरांसाठी खरा प्रमुख तोच असतो, जो रात्री वसतिगृहात असतो.

आता वसतिगृहाचा प्रमुख म्हटलं की हजेरी, शिक्षा आणि छडी डोळ्यांसमोर येते. या प्रमुखाने काय केलं? मुलं शाळेत गेली की तो त्यांच्या खोल्या झाडायचा, पसरलेल्या वस्तू जागेवर लावायचा, मळके कपडे धुवायचा. कुणी आजारी पडलं की उशाशी बसायचा. बोलून दाखवणं नाही, भाषण नाही. संध्याकाळी परत आलेल्या पोराला आपली खोली आवरलेली दिसायची आणि कोणी आवरली ते कळायचं. पुढच्या वेळी तो स्वतःच झाडू हातात घ्यायचा. ओशाळून शिस्त लागते, हे आपल्यापैकी अनेकांना घरी आईने शिकवलेलं असतं. गुरुजींनी तेच वसतिगृहात आणलं.

दुसरी गोष्ट तर आजच्या कंटेंटवाल्यांनी ऐकावी अशी. ते मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ काढायचे. हाताने लिहिलेलं. देशातल्या घडामोडी, थोरांची चरित्रं, चार कानपिचक्या. वाचक किती? वसतिगृहातली मुलं. तरीही रोज लिहायचं. याच लिहिण्यातून पुढे ‘विद्यार्थी’ मासिक आलं.

कोकणातली हिरवाई सोडून खानदेशातल्या काळ्या मातीत आणि रणरणत्या उन्हात आलेला हा माणूस निसर्गाला मात्र सोडू शकला नाही. ‘श्यामची आई’ पुन्हा काढून बघा. रडण्याच्या जागा सोडून बाकीचं वाचा. ‘मुकी फुले’मध्ये कळ्या तोडून आणणाऱ्या श्यामला आई समजावते की फूल झाडावर उमलू द्यावं. ‘श्यामचे पोहणे’मध्ये विहिरीला घाबरून लपणाऱ्या पोराला तीच आई पाण्यात धाडते. एका ठिकाणी जपायला शिकवलंय, दुसऱ्या ठिकाणी धीट व्हायला. आयुष्याच्या शेवटच्या काळात पुतणी सुधाला लिहिलेली पत्रं ‘सुंदर पत्रे’ नावाने प्रसिद्ध आहेत. त्यांतही झाडं, पाखरं, समुद्र, आभाळ ठिकठिकाणी भेटतं. मला विचाराल तर गुरुजींना ‘रडके’ म्हणणाऱ्यांनी आधी ही पत्रं वाचावीत.

मग सगळं छान चाललेलं असताना नोकरी सोडली का?

१९३० चा मिठाचा सत्याग्रह. मुलांना रोज देशासाठी त्याग करणाऱ्यांच्या गोष्टी सांगायच्या आणि आपण पगार घेत बसायचं, हे त्यांना जमेना. एप्रिलमध्ये राजीनामा दिला आणि ते चळवळीत उतरले. लळा लागलेल्या पोरांना सोडून जाणं सोपं नव्हतं.

पुढचा वर्ग भरला तुरुंगात. आधी धुळे, मग थेट त्रिचनापल्ली. तिथे ते तमीळ शिकले आणि नंतर तिरुक्कुरळ मराठीत आणलं. १९३२ मध्ये पुन्हा धुळ्याचा तुरुंग, अमळनेरपासून ३५-४० किलोमीटरवर. या वेळी सोबत विनोबा भावे होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, सलग १८ रविवार विनोबा कैद्यांसमोर गीतेवर बोलले, एका रविवारी एक अध्याय. ते सगळं उतरवून घेतलं साने गुरुजींनी. आज घराघरांत असलेलं ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक म्हणजे एका मास्तराने विद्यार्थी होऊन काढलेल्या नोट्स आहेत.

‘श्यामची आई’ त्यानंतरचं. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत त्याचा बहुतांश भाग लिहून झाला. त्याची मांडणी आठवा. रात्री जेवणं उरकली की सगळे गोल करून बसतात आणि श्याम एक गोष्ट सांगतो. यात मला तरी अमळनेरचं छात्रालयच दिसतं.

खानदेशाशी नातं तुटलं नाहीच. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, त्यासाठी ते गावोगाव राबले. १९३८ मध्ये अमळनेरहून ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढलं. ११ जून १९५० ला मुंबईत ते गेले, वयाच्या पन्नाशीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा संमेलनस्थळाला त्यांचंच नाव दिलं होतं. प्रताप हायस्कूल आजही तिथे भरतं.