उंच पर्वतीय ऊलाँग चहा : तैवानमधील एका नव्या परंपरेचा इतिहास

प्रस्तावना
तैवानच्या मध्य पर्वतरांगांत, समुद्रसपाटीपासून १००० मीटरहून अधिक उंचीवर पिकणारा ऊलाँग चहा ही प्राचीन परंपरा असावी, असा समज सहज होतो. वस्तुतः हे पीक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आर्थिक धोरणांतून घडले. प्रस्तुत लेखात या जडणघडणीचा थोडक्यात आढावा घेतला आहे.

निर्यातीचा कालखंड
तामसुई बंदर परकीय व्यापारास खुले झाल्यावर जॉन डॉड या ब्रिटिश व्यापाऱ्याने चीनच्या फूज्यान प्रांतातील आन्शी येथून चहाची रोपे आणविली. १८६९ मध्ये त्याने सव्वाशे टनांहून अधिक 'फॉर्मोसा ऊलाँग' न्यूयॉर्कला रवाना केला. हे मळे मुख्यतः उत्तरेकडील कमी उंचीच्या टेकड्यांवर होते. जपानी अमलात (१८९५-१९४५) काळ्या चहासही उत्तेजन मिळाले. १९२५ मध्ये सन-मून सरोवराच्या परिसरात आसामी वाणाची लागवड झाली. उत्पादन मात्र परदेशी ग्राहकासाठीच होते.

पर्वतांकडे स्थलांतर
१९७० च्या दशकात वाढती मजुरी व चलनाचे वाढते मूल्य यांमुळे निर्यात परवडेनाशी झाली. नान्तौ परगण्यातील लूगू येथे सुरू झालेल्या चहास्पर्धांनी देशांतर्गत ग्राहक घडविला. १९८२ मध्ये चहानिर्मितीवरील नियंत्रणाचे नियम रद्द झाले. त्यामुळे कारखान्यांना केवळ पाला विकणारा शेतकरी स्वतः चहा तयार करून विकू लागला.

उंचीवरील थंडी व धुक्यामुळे पानांची वाढ सावकाश होते, तुरटपणा कमी राहतो आणि गोडवा वाढतो. खुडलेला पाला कोमेजवून, हलवून, अंशतः ऑक्सिडीकरण झाल्यावर उष्णतेने ती क्रिया थांबवतात. नंतर कापडात घट्ट बांधून त्याच्या गोळ्या वळतात. अशा चहास चांगला भाव मिळू लागल्याने अलीशान व लिशान येथे मळे विस्तारले. लिशानला जाणारा मध्य महामार्ग निवृत्त सैनिकांच्या श्रमांतून १९६० मध्ये पूर्ण झाला होता. त्या कामात दोनशेहून अधिक जणांचा बळी गेला. तेथे वसलेल्या सैनिकांच्या सफरचंद-बागांना आयात फळांमुळे फटका बसल्यावर अनेकांनी चहा लावला.

पर्यावरणीय किंमत
हा प्रदेश मुळात अतायाल, त्सौ आदी आदिवासी समाजांचा आहे. वनाची माती धरून ठेवण्याची क्षमता चहाच्या झुडपांत नाही. २१ सप्टेंबर १९९९ च्या भूकंपात मध्य महामार्गाचा काही भाग उद्ध्वस्त झाला. ऑगस्ट २००९ मधील मोराकोट वादळाने दरडी कोसळून खंडित झालेला अलीशान रेल्वेमार्ग २०२४ मध्येच पूर्णतः पूर्ववत झाला. सुमारे २५०० मीटर उंचीवरील दायूलिंग येथील सरकारी वनजमिनीवरील मळे शासनाने २०१० नंतरच्या दशकात हटविले.

समारोप
निर्यातीची पीछेहाट, नियममुक्ती, रस्ता आणि नवा ग्राहकवर्ग यांच्या संयोगातून ही परंपरा निर्माण झाली. तिची कीर्ती ज्या उंचीवर अवलंबून आहे, तीच उंची तिच्या विस्ताराची मर्यादाही ठरविते. म्हणून या चहाच्या इतिहासाचा विचार पर्वताच्या आणि तेथील मूळ रहिवाशांच्या इतिहासापासून वेगळा करता येत नाही.