गुणपत्रिका आणि पुंजका

खानदेशात कापसाचा भाव कागद बघून ठरत नाही. व्यापारी गाडीतून मूठभर कापूस उचलतो, त्यातला एक पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ताणतो, धाग्याची लांबी बघतो, ओल चाचपतो आणि मग बोलतो. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपन्यांची मुलाखत याच धाटणीची असते: केलेलं काम पुढे ठेवा. जळगाव-धुळ्यातली अभियांत्रिकी महाविद्यालयं मात्र वेगळ्याच मुलाखतीसाठी घडत गेली. खानदेशी पोरांची या धंद्याशी गाठ पडणं अवघड झालं, त्याचं कारण मला अकलेत किंवा अंतरात दिसत नाही. ते भरतीच्या रीतीच्या इतिहासात आहे.

1983 साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडून दिलं. त्याच वर्षी जळगावजवळ बांभोरीला आणि 1984 मध्ये धुळ्यात अशी महाविद्यालयं निघाली. 2001 मध्ये शिरपूरची त्यांत भर पडली. दरम्यान 1990 मध्ये जळगावला स्वतंत्र विद्यापीठ आलं. याच काळात सॉफ्टवेअर सेवा देणाऱ्या कंपन्यांची घाऊक भरती वाढत गेली. एका दिवसात शेकडो मुलं बघायची तर चाळणी लागतेच. दहावी, बारावी आणि पदवी, तिन्हीकडे 60 टक्के, केटी शिल्लक नको, मग ॲप्टिट्यूडची परीक्षा, ही ती चाळणी. कॅम्पसला कंपनी यावी म्हणून महाविद्यालयांनी तयारीही तशीच करून घेतली. कोरडवाहू शेतीवर शिकलेल्या घराला पहिला ठरलेला पगार याच वाटेने मिळाला, म्हणून या रीतीला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

गेमचा धंदा वेगळ्या वाटेने आला. 1999 मध्ये मुंबईत विशाल गोंडल यांनी ‘इंडियागेम्स’ काढली. 2008 मध्ये फ्रान्सच्या युबिसॉफ्टने गेमलॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ घेतला. अशा ठिकाणी टेस्टरची परीक्षा म्हणजे खेळायला दिलेल्या गेममधली चूक शोधून लिहिणं. ‘खेळाडू भिंतीत अडकतो’ एवढं लिहून भागत नाही. कोणत्या लेव्हलला, हातात काय असताना, कोणत्या क्रमाने बटणं दाबली, दहा वेळा करून किती वेळा अडकला आणि खरं काय व्हायला हवं होतं, हे असं लिहावं लागतं की दुसऱ्याने वाचून तीच चूक पुन्हा घडवून दाखवावी. प्रोग्रामरला व्हेक्टरचं गणित विचारतात आणि स्वतः केलेला छोटा गेम उघडायला लावतात. चित्रकाराचा पोर्टफोलिओ आधी बघतात. यांतलं काहीच गुणपत्रिकेवर छापून येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की ही परीक्षा पैसेवाल्यांची आहे. ग्राफिक्स कार्डाचा कॉम्प्युटर खेड्यातल्या पोराने आणायचा कुठून? आक्षेपात तथ्य आहे. पण त्रिमितीय चित्रं करायचं ब्लेंडर हे सॉफ्टवेअर 2002 पासून मुक्त आहे, गेम बनवायचं अनरियल इंजिन 2015 पासून शिकायला फुकट मिळतं. उरतं ते यंत्र, आणि महाविद्यालयाची लॅब संध्याकाळी पाचला कुलूपबंद होण्याऐवजी रात्री उघडी राहिली तर बरंचसं भागतं. दुसरा आक्षेप: हे शेवटी परक्याचं काम, निर्णय त्यांचाच. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ हा गेम नव्याने करण्याचं काम युबिसॉफ्टच्या पुणे-मुंबईतल्या स्टुडिओंकडे होतं, ते 2022 मध्ये माँट्रियलला गेलं, हे खरंच. मात्र त्याआधी, 2020 मध्ये, पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स’ या छोट्या कंपनीचा ‘राजी’ हा गेम जगभर विकायला आला. क्राउडफंडिंगची मोहीम फसल्यावरही तो पुरा झाला, कारण दाखवण्याजोगं काम हातात होतं. सरकी काढलेल्या गाठी बाहेर पाठवून कापड विकत घेण्याची सवय खानदेशला जुनीच आहे. पदवीधरांच्या बाबतीत ती मोडायची तर शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट विकत आणून जिल्दबंद करण्याऐवजी तो चालवून दाखवायला सांगणं, एवढी सुरुवात महाविद्यालयाला आजही करता येईल.