साथीची नोंदवही : न्यूयॉर्कमधील सामायिक सायकल

तासावर भाड्याने मिळणारी सायकल आपल्या पिढीला अपरिचित नाही. दुकानदार नाव-पत्ता वहीत लिहून घेई आणि तास भरला की सायकल त्याच दुकानी परत न्यावी लागे. मे २०१३ मध्ये न्यूयॉर्क शहरात सुरू झालेल्या 'सिटी बाइक' योजनेने यातली दुसरी अट काढून टाकली. सायकल एका थांब्यावर घ्यायची, दुसऱ्या थांब्यावर लावायची. वही मात्र राहिली. प्रत्येक फेरी कोठून कोठे, किती वाजता झाली, या नोंदी योजनेतर्फे प्रसिद्ध होत असतात. २०२० च्या करोना साथीचा नागरी इतिहास लिहू पाहणाऱ्याला हे साधन मोलाचे आहे आणि काहीसे फसवेही.

त्या वर्षी १ ते ११ मार्च या काळात सुमारे ५ लाख १७ हजार फेऱ्या झाल्या. आदल्या वर्षी याच दिवसांत त्या ३ लाख १० हजार होत्या. टाळेबंदी अद्याप लागू व्हायची होती. हजारो हातांनी धरलेली मूठ लोकांनी पत्करली, भुयारी रेल्वेच्या डब्यातली कोंडलेली हवा नको म्हणाले. (पृष्ठभागाच्या एका स्पर्शातून संसर्गाचा धोका दहा हजारांत एकाहून कमी, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सांगितले ते एप्रिल २०२१ मध्ये.)

टाळेबंदीत सारेच ओसरले. टेक्सेरा आणि लोपेस या संशोधकांच्या २०२० मधील अभ्यासानुसार रेल्वेचे प्रवासी ९० टक्क्यांनी घटले, सायकलफेऱ्या ७१ टक्क्यांनी. परंतु सरासरी फेरी १३ मिनिटांवरून १९ मिनिटांवर गेली. या सहा मिनिटांत बरेच काही दडले आहे. काही प्रवासी रेल्वे सोडून सायकलकडे वळले असावेत, हा त्यांचा तर्क पटण्याजोगा आहे. तथापि रात्रपाळी संपवून घरी निघालेली परिचारिका आणि घरात कोंडून कंटाळलेला हौशी स्वार या नोंदीत सारखेच दिसतात. २०२१ च्या आरंभापर्यंत स्वाराचे जन्मवर्ष व लिंग तरी नोंदले जाई. व्यवसाय कधीच नव्हता.

६ मे २०२० पासून रात्री १ ते ५ या वेळात भुयारी रेल्वे स्वच्छतेसाठी बंद ठेवण्यात आली. १९०४ पासून अहोरात्र धावणाऱ्या रेल्वेच्या वेळापत्रकात अशी रोजची खंडितता प्रथमच आली आणि ती १७ मे २०२१ पर्यंत टिकली. आरोग्य, वाहतूक व आपत्कालीन सेवेतील कर्मचाऱ्यांना सायकलचे मोफत सदस्यत्व मार्चमध्येच देऊ केले होते. औदार्य खरेच, पण थांबे कोठे होते? २०१३ मध्ये ते प्रामुख्याने दक्षिण मॅनहॅटन आणि ब्रुकलिनच्या काही भागात उभे राहिले. पुढे जाळे पसरले, तरी ब्राँक्सला पहिले थांबे मिळाले ते मे २०२० मध्ये, सात वर्षांनी. त्या वसंतात शहराच्या पाच विभागांपैकी लोकसंख्येच्या मानाने सर्वाधिक मृत्यू याच ब्राँक्समध्ये झाले होते.

ज्याच्या घराजवळ थांबाच नाही, त्याची गैरसोय कोणत्याही रकान्यात येत नाही. एप्रिल २०२० मध्ये ब्राँक्समधले रुग्णालयीन कामगार पहाटे कसे कामावर पोहोचत होते, हे शोधायला ही वही उघडावी, तर त्या विभागापुरती ती कोरी आहे.