अर्थिंग, घरगुती कार्यशाळेतील

गॅरेज, गच्चीवरची खोली किंवा अंगणातली पत्र्याची शेड अशा ठिकाणी विजेची हत्यारे वापरताना यंत्राचा धातूचा सांगाडा जमिनीशी जोडून ठेवण्याची व्यवस्था. आतली फेजची तार सुटून सांगाड्याला लागली, तर वीज माणसातून न जाता अर्थच्या तारेने जावी आणि पुरवठा तत्काळ तुटावा, हा या व्यवस्थेचा हेतू. त्यातला पहिला भाग सर्वांना ठाऊक असतो. पुरवठा तुटण्याची तजवीज मात्र पुष्कळदा राहूनच जाते.

भारतात घरगुती पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा असतो. इजा किती होणार हे शरीरातून जाणारा प्रवाह आणि तो किती वेळ टिकतो यांवर ठरते. अर्धा मिलिअँपिअर नुसता जाणवतो. दहाच्या आसपास स्नायू आखडतात आणि हातातली वस्तू सुटत नाही. तिसाच्या पुढचा प्रवाह टिकून राहिला तर हृदयाची लय बिघडू शकते. हात सुटण्याची ही मर्यादा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील चार्ल्स डॅल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून मोजली. ओल्या शरीराचा रोध साधारण १,००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला प्रवाह २३० मिलिअँपिअर होतो. पावसाळ्यात ओलसर कोब्यावर अनवाणी उभे राहून ग्राइंडर धरणाऱ्याची स्थिती याहून फारशी वेगळी नसते.

आपल्याकडे बहुधा घरामागे खड्डा घेऊन, कोळसा आणि मीठ भरून त्यात जस्तलेपित पाइप किंवा पत्रा पुरतात. भारतीय मानक आयएस ३०४३ नुसार पाइप किमान अडीच मीटर लांबीचा, तर पत्रा किमान ६० सेंमी. लांब व तितकाच रुंद असावा. दख्खनच्या पठारावर मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो. तिथे अर्थचा रोध सहजी खाली येत नाही. काळी माती ओली असताना वीज उत्तम वाहून नेते, पण उन्हाळ्यात भेगाळून पाइपापासून सुटते. म्हणून खड्ड्यात पाणी घालण्याची जुनी रीत आजही योग्यच आहे.

पण खड्डा चांगला असला म्हणजे काम झाले, असे नाही. समजा, घरचा अर्थ १० ओहमचा आणि ट्रान्सफॉर्मरकडचा दीड ओहमचा आहे. फेज सांगाड्याला लागल्यावर प्रवाह २३० भागिले साडेअकरा, म्हणजे २० अँपिअर वाहील. १६ अँपिअरचा ‘सी’ प्रकारचा एमसीबी क्षणात पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. २० अँपिअरवर तो तासभरही उभा राहू शकतो. तेवढा वेळ सांगाड्यावर २०० व्होल्ट असतात. एमसीबी तारा जळू नयेत म्हणून असतो, माणसासाठी नव्हे.

माणसासाठी आरसीसीबी लागतो. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पुरता परत येतो का, हे तो पाहतो आणि ३० मिलिअँपिअरची तूट दिसली की सेकंदाच्या काही दशांशात पुरवठा तोडतो. तो बसवल्यावर अर्थ १०० ओहमचा असला तरी सांगाड्यावर ३ व्होल्टपेक्षा जास्त दाब टिकत नाही. मात्र एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरणाऱ्याला तो वाचवू शकत नाही, कारण त्याच्या हिशेबात तूट येतच नाही.

अर्थ नाही म्हणून बोर्डातच न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या पिनेला जोडण्याचा उपाय काही वायरमन सुचवतात. तो साफ चुकीचा आहे. पुढे कुठे न्यूट्रल तुटला, तर काहीही न बिघडलेल्या यंत्राच्या सांगाड्यावर थेट फेज येते. फेज आणि अर्थमध्ये १०० वॉटचा बल्ब लावून ‘अर्थ ओके’ म्हणण्याची पद्धतही फसवी आहे : अर्थ ५० ओहमचा असला तरी त्या बल्बला २१० व्होल्ट मिळतात आणि तो झकास पेटतो.

हातातली बहुतेक ड्रिल, जिगसॉ आणि छोटी ग्राइंडर यंत्रे दुहेरी रोधनाची असतात. त्यांच्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते. त्यांना दोनच पिना असतात आणि अर्थ लागत नाही. बेंच ग्राइंडर, टेबल सॉ, कंप्रेसर, वेल्डिंग मशिन यांना सहसा तीन पिना असतात आणि अर्थ हवाच. भारतीय प्लगमधली अर्थची पिन मुद्दाम लांब आणि जाड केलेली असते, म्हणजे ती आधी जोडली जाते व शेवटी सुटते. दोन तारांच्या एक्स्टेंशनने ही सगळी योजना वाया जाते. एक्स्टेंशनची वायर गुंडाळलेली ठेवून मोठे यंत्र चालवले, तर ती तापते. ती पूर्ण उलगडूनच वापरावी.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेल्या १२० व्होल्टच्या यंत्रांचा प्रश्न निराळा. त्यांच्यासाठी घेतलेला स्वस्त ट्रान्सफॉर्मर बहुधा ऑटो ट्रान्सफॉर्मर असतो. तो दाब कमी करतो, पण यंत्राला मूळ पुरवठ्यापासून अलग करत नाही. ब्रिटनमधील बांधकामांवर ११० व्होल्टचे अलगीकरण करणारे ट्रान्सफॉर्मर वापरतात. त्यांच्या गुंडाळीचा मध्यबिंदू अर्थ केलेला असल्याने जमिनीच्या तुलनेत दाब ५५ व्होल्टच राहतो. दोन्ही ट्रान्सफॉर्मर बाहेरून सारखे दिसले तरी सुरक्षिततेत त्यांची बरोबरी नाही.

आरसीसीबीवरचे ‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. त्याने आरसीसीबी पडतो की नाही एवढेच कळते, अर्थचा रोध कळत नाही. त्यासाठी परवानाधारक वायरमनकडून अर्थ टेस्टरने मापन करून घ्यावे आणि तेही मे महिन्यात, जमीन सर्वांत कोरडी असताना. पावसाळ्यात घेतलेला आकडा जवळजवळ प्रत्येक खड्ड्याचा समाधानकारक येतो.