डीजेचा ठोका नेमका आला कुठून?

परवा गांधी चमनजवळ डीजेच्या भिंतीनं खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. शेजारचे काका वैतागले, "पाश्चात्त्यांचं खूळ!" आवाजाला माझाही विरोधच. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबलची आहे. पण खूळ फक्त त्यांचंच का?

१९७० ला जर्मनीत ड्युसेलडॉर्फला राल्फ ह्युटर आणि फ्लोरियन श्नायडर यांनी 'क्राफ्टवेर्क' काढलं. नावाचा अर्थच वीजकेंद्र. हायवेवरच्या प्रवासावर त्यांनी १९७४ मध्ये 'ऑटोबान' केलं, बावीस मिनिटांहून लांब! १९८२ ला न्यूयॉर्कच्या आफ्रिका बंबाटानं त्यांची धून 'प्लॅनेट रॉक'मध्ये घेतली. ताल रोलँड ८०८ या जपानी यंत्राचा.

आता गंमत बघा. त्याच वर्षी मुंबईत चरणजितसिंग हे सिनेसंगीतातले वादक तेच ८०८ घेऊन बसले अन् यमन, मालकंस डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. दहा रागांची रेकॉर्ड. खपली नाही. २०१० ला एका डच माणसानं ती पुन्हा काढली, तेव्हा जग चकित झालं. आपल्याकडं किती जणांना ठाऊक होतं? २०१५ ला ते गेलेही.

काकांना मोबाइलवर त्यातला यमन ऐकवला. म्हणाले, "आवाज थोडा वाढव की."