न विझणारी चूल

गेल्या महिन्यात आमच्या बोईसरच्या गटाची बैठक होती. बचतीचा हिशेब झाला आणि विषय निघाला भंगाराचा. गटातल्या दोघी-तिघी भंगार निवडून घर चालवतात. एकीने विचारलं, "ताई, शेजारी तारापूरला अणुवीज केंद्र आहे. कधी तसलं काही हातात आलं तर?" मी म्हटलं, तसलं भंगारात आलं होतं खरं, पण दिल्लीत, आणि तेही वीज केंद्रातून नाही, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून. ती गोष्ट आज तुम्हालाही सांगते, पण थोडी मागून.

१८९५ साली जर्मनीत राँटगेन नावाच्या शास्त्रज्ञाला एक्स-रे सापडले. पहिल्या चित्रांपैकी एक त्याने बायकोच्या हाताचं काढलं. हाडं दिसली आणि बोटातली अंगठीही. हे किरण विजेच्या नळीतून निघतात. बटण बंद केलं की किरण बंद.

हाच एक्स-रे पुढे शेतीच्या कामी आला. मुंबईत ट्रॉम्बेला, जिथे आज भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, तिथे शास्त्रज्ञांनी भुईमुगाच्या बियाण्यावर एक्स-रे सोडले. बियांच्या गुणांत बदल झाले. त्यातली चांगली झाडं निवडत निवडत मोठ्या दाण्याचं टीजी-१ हे वाण तयार झालं. ते १९७३ साली शेतकऱ्यांना मिळालं. आपण एक्स-रे काढून घरी आलो की अंगात किरण राहत नाहीत, तसंच बियाण्याचंही असतं.

पण प्रयोगशाळांना दुसरं एक साधन जास्त सोयीचं वाटू लागलं. कोबाल्ट-६० किंवा सीझियम-१३७ हे पदार्थ आपणहून किरण सोडतात. शिशाच्या जाड, अवजड भांड्यात ते ठेवायचे आणि बी किंवा रसायन त्यांच्यासमोर धरायचं. किरणांसाठी वीज लागत नाही. रक्तपेढ्यांतही अशी यंत्रं आली, कारण काही नाजूक रुग्णांना रक्त देण्याआधी त्यावर किरण सोडावे लागतात.

अडचण एकच. एक्स-रे म्हणजे गॅसची शेगडी, बटण फिरवलं की विझली. कोबाल्ट म्हणजे राखेखालचा विस्तव. तो आपल्या सांगण्याने विझत नाही. कोबाल्टचं तेज निम्मं व्हायला सव्वापाच वर्षं लागतात, सीझियमचं निम्मं व्हायला तीस. यंत्र वापरा किंवा कोपऱ्यात टाका, आत ते जळतच असतं.

दिल्ली विद्यापीठात रसायनशास्त्र विभागाने असं कोबाल्टचं यंत्र कॅनडातून आणलं होतं. १९८५ पासून ते पडून होतं. २०१० च्या फेब्रुवारीत जुनं सामान म्हणून त्याचा लिलाव झाला आणि ते मायापुरीच्या भंगार बाजारात गेलं. पंचवीस वर्षांत त्याचं तेज जवळजवळ सत्ताविसाव्या हिश्श्यावर आलं होतं. तरीही ज्यांनी ते फोडलं, हाताळलं, त्यांची कातडी भाजल्यासारखी झाली. कित्येक जण दवाखान्यात गेले आणि एका कामगाराचा जीव गेला. लिलाव करणाऱ्यांना ओझं गेल्याचं समाधान, आणि भोगलं कोणी? ज्यांना आत काय आहे हे कोणी सांगितलंच नव्हतं, त्यांनी.

परदेशातही हा घोर सुटलेला नव्हता. २०१९ च्या मे महिन्यात अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या एका संशोधन इमारतीतून सीझियमचं यंत्र काढून नेत होते. तेव्हा गळती झाली आणि १३ जणांना ते लागलं. अशा यंत्रांच्या जागी एक्स-रे यंत्र आणायचं काम तिथे त्याआधीच सुरू होतं. फ्रान्स आणि नॉर्वेने आपल्या रक्तपेढ्यांतली सीझियमची यंत्रं काढून टाकली. ट्रॉम्बेच्या भुईमुगाचं काम ज्या एक्स-रेने सुरू झालं, त्याच्याकडेच जग परत वळतं आहे.

हे फुकट होत नाही. एक्स-रे यंत्राला भरवशाची वीज लागते, त्याची नळी थंड ठेवावी लागते आणि झिजली की बदलावी लागते. लोडशेडिंग सोसलेल्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको. शिवाय प्रत्येक कामाला ते पुरेल असंही नाही. पण जुनं झाल्यावर ते खरंच निव्वळ भंगार होतं. बटण बंद, वायर काढली, संपलं. भंगार निवडणाऱ्या बाईसाठी हा फरक जिवाचा आहे.

म्हणून बायांनो, एक खूण डोक्यात ठेवा: पिवळ्यावर काळी किंवा जांभळी, पंख्याच्या तीन पात्यांसारखी. ती खूण असलेली किंवा शिशाची विचित्र जड वस्तू दिसली, तर फोडू नका, उचलू नका, घरी आणू नका. मुलांना दूर घ्या आणि ११२ वर फोन करा. किलोमागे चार पैसे जास्त मिळतील, हा हिशेब त्या दिवशी करू नका.